चारशे शब्द आणि एक कढई

हिवाळ्यात आमच्या ईटच्या थांब्यावर एसटीतून उतरलं की आधी वास येतो आणि मग गाव दिसतं. बाभळीच्या लाकडाचा धूर आणि त्यात आटणारं दूध. पाहुण्यांना हा वास गोड वाटतो. मला त्यात ओली राख, कढई घासायचा काथ्या आणि आईचा पदर असं सगळं वेगवेगळं ओळखू येतं. दिवाळी झाली की म्हशींचं दूध वाढतं, आणि मग होळीपर्यंत आमच्या भागातल्या खव्याच्या भट्ट्या सकाळ-संध्याकाळ पेटत राहतात. दोन्ही बाजूंना किटल्या लटकवलेल्या मोटारसायकली आसपासच्या वस्त्यांवरून येतात. दुपारी त्याच दुधाचे पांढरे गोळे तुळजापूरच्या नि सोलापूरच्या पेढेवाल्यांकडे निघून जातात.

यंदाही भट्ट्या पेटल्यात. गेल्या शनिवारी थांब्यावर उतरले, वास आला, आणि मी तिथंच थोडा वेळ उभी राहिले. त्याच आठवड्यात धाराशिवला, आमच्या कॉलेजच्या ग्रंथालयाच्या पायरीवर, पहिल्या वर्षाच्या एका मुलीनं मला अडवून विचारलं होतं, "ताई, ब्लॉगची पोस्ट किती मोठी लिहायची असते?" तिच्या हातात कोरी वही होती आणि पेनाचं टोपण दातात. मी म्हणाले, सोमवारी सांगते. आता मी एम.ए.ला आहे, तिला सांगायला मला काहीतरी यायला हवं होतं. पण त्या प्रश्नाबरोबर मला दोन वर्षांपूर्वीचा एक अख्खा हिवाळा आठवतो, आणि तो पायरीवर उभ्या उभ्या सांगता येत नाही.

तेव्हा मी बी.ए.च्या दुसऱ्या वर्षाला होते. मराठीच्या मॅडमनी आम्हाला संगणक कक्षात बसवून प्रत्येकीला एकेक ब्लॉग उघडून दिला. पडद्यावर पांढरी जागा आणि खाली कोपऱ्यात शब्दांचा आकडा. मी एक शब्द लिहिला की आकडा एकानं वाढायचा. मला त्या आकड्याची भीतीच बसली. आमच्या घरात तोवर लिहिणं म्हणजे सही. आबा सही करताना सुद्धा आधी पेन झटकतात, मग कागदाला हात लावून बघतात, आणि सही झाली की पेन लगेच परत करतात. त्यांच्या मुलीला आता कुणीतरी सांगत होतं की लिही, हवं ते लिही, कुणीही वाचेल.

किती लिहायचं, याबद्दल मला एकच नियम माहीत होता. तो परीक्षेचा. बाजूच्या बाकावरची मुलगी उठून "सर, पुरवणी" म्हणाली की आपणही पुरवणी घ्यायची, उत्तर संपलेलं असलं तरी. तपासणारे वीत लावून मार्क देतात, असं आम्ही सगळ्याजणी खरंच मानत होतो. मी दहावीला, बारावीला असंच लिहिलं. जे येत होतं ते पहिल्या पानावर, आणि पुढची पानं त्याच गोष्टीला वेगवेगळे कपडे घालून.

मॅडम म्हणाल्या, "लोक हे मोबाईलवर वाचणार आहेत. बसमध्ये, रांगेत. चारशे शब्द पुष्कळ झाले."

वसतिगृहात माझ्या खोलीत परंड्याची शाहीन होती, ती संगणकशास्त्राला. तिला विचारलं तर ती कपड्यांच्या घड्या घालता घालताच हसली. "चारशे? हजारच्या खाली लिखी तो सर्चमधे वर येतच नई. कोण बघनार तुला?"

म्हणजे एकीच्या मते मी जास्त लिहिलं तर कुणी वाचणार नव्हतं, आणि दुसरीच्या मते कमी लिहिलं तर कुणाला सापडणार नव्हते. मी दोन दिवस काहीच लिहिलं नाही. तिसऱ्या दिवशी आईबद्दल लिहायला बसले.

आई चौथी शिकली. तिच्या माहेरच्या वाडीत शाळा चौथीपर्यंतच होती, पाचवीला ओढा ओलांडून पलीकडच्या गावात जावं लागायचं. तिचे मास्तर एकदा घरी आले होते, पोरीला पुढं शिकवा म्हणून सांगायला. आजोबांनी ऐकलं नाही. एवढं आईनं मला कधीतरी, भाकरी थापताना, पाठ माझ्याकडं करून सांगितलं होतं. मी त्यावर एकोणीसशे शब्द लिहिले. लिहिताना मला फार भरून येत होतं, आणि भरून आलं की लेख चांगला होत असणार असं मला वाटत होतं.

त्या शनिवारी घरी गेले तेव्हा आबांच्या मोबाईलवर आईला ती पोस्ट उघडून दिली. आई चुलीपुढून उठली, हात धुतले, पदराला पुसले, आणि मग मोबाईल हातात घेतला. ती अक्षर लावून वाचते. ओठ हलतात, बोट ओळीखालून सरकतं, जोडाक्षर आलं की थांबतं. बोट जास्त टेकलं की पान भलतीकडंच पळायचं. पाच ओळी होईपर्यंत पडदा काळा व्हायचा.

"ह्यो झोपतोय सारखा," आई म्हणाली.

"मी वाचून दाखवू का?"

"नगं. म्या वाचते. न्हवं का माझंच लिवलंस? मंग म्याच वाचते."

मला तेव्हा बरं वाटलं आणि थोडी धाकधूकही झाली. घरातली पहिली म्हणून कॉलेजला गेले तेव्हापासून मला एक भीती आहे. मी कुणाला कधी बोलून दाखवलेली नाही. मी शिकत जाईन, बोलणं बदलेल, वाचणं बदलेल, आणि एक दिवस मी जे लिहीन ते आईपर्यंत पोचणारच नाही. ती माझ्याकडं बघून नुसती हसेल, पाहुण्यांकडं बघून हसतात तसं. त्या दिवशी ती बोट लावून माझंच वाक्य वाचत होती आणि मला वाटत होतं, पोच गं, शेवटपर्यंत पोच. माझ्यासाठी सगळं त्या बोटावर टेकलेलं होतं. रविवारी मी धाराशिवला परत आले तेव्हा आई तिसऱ्या परिच्छेदात होती.

पुढच्या शनिवारी थांब्यावरून थेट आई कामाला जाते त्या भट्टीवरच गेले. तिथं पत्र्याखाली चार कढया ओळीनं मांडलेल्या असतात, प्रत्येकीवर एक बाई. आईच्या शेजारच्या कढईवर कमलकाकू. माझी चाहूल लागताच काकूंनी उलथनं न थांबवता तोंड फिरवलं.

"आली का लेखिका! तुझी आई मंगळवारी कढई सोडून शाळंत गेली व्हती गं."

"म्हंजे?"

"म्हंजे काय, मोबाईल फुडं, मान खाली. म्या हाका मारतेय, सुमे, अगं सुमे, वास सुटलाय. हिचं आपलं ओठ हलत्यात."

खवा लागला होता. एका कढईला पाऊण तास लागतो. दूध उकळेपर्यंत जरा इकडंतिकडं बघता येतं, पण एकदा ते घट्ट व्हायला लागलं की हात थांबवून चालत नाही. उलथनं बुडाशी फिरत राहायला हवं. क्षणभर थांबलं तरी बुडाला लागतं, आणि तो करपट वास अख्ख्या कढईभर पसरतो. तसला खवा पेढेवाला हातात धरत नाही. आईच्या हातचा खवा इतक्या वर्षांत कधी लागला नव्हता. वजनकाट्याजवळ बसलेले भट्टीचे मालक, अण्णा, मला बघून म्हणाले, "ये बाई, ये. तुझ्या आईला सांग, कढईत बघून खवा हुतोय, मोबाईलात बघून न्हाय. एकदा झालं, जाऊ द्या. परत लागला तर मला दुसरी बाई बघावी लागंल." ते हसत बोलत होते, पण आईनं आणलेला आबांचा मोबाईल त्यांनी काट्याच्या टेबलावर आपल्याजवळ ठेवून घेतला होता.

आईचा हात गोल फिरत होता आणि डोळे दुधावर होते.

घरी जाताना वाटेत ज्वारी हिरवीगार उभी होती, कणसं नुकती बाहेर पडत होती. संध्याकाळची थंडी जमिनीतून वर येत होती. मी दोनदा बोलायचा प्रयत्न केला. आई म्हणाली, "थंडी वाजतीय का? पदर घे माझा." एवढंच.

मला लाज वाटली. माझ्या एकोणीसशे शब्दांनी आईचं काम जाता जाता राहिलं होतं. मॅडमचं खरं होतं. वाचणाऱ्याला वेळ नसतो, आणि मी वाचणारी म्हणून जिचा विचार करत होते तिला तर अजिबातच नव्हता. सोमवारी संगणक कक्षात बसले आणि कापायला सुरुवात केली. ओढा गेला. वाडीची शाळा दोन ओळींत आली. मास्तरांचं येणं मोठं होतं, तेही काढलं, त्याऐवजी लिहिलं, 'परिस्थितीमुळे तिचं शिक्षण थांबलं.' शेवटी आकडा तीनशे ऐंशीवर आला. मॅडमना दाखवलं. त्या म्हणाल्या, "आता कसं नेटकं झालं!" मला इतका आनंद झाला की मी आईला सांगायचंच विसरले.

बुधवारी दुपारी फोन आला. आईचा स्वतःहून फोन येणं म्हणजे काहीतरी झालेलं असतं.

"मास्तर कुठं गेले गं?" आई म्हणाली.

"कुठले मास्तर?"

"दारात आले व्हते न्हवं? सावली पडली दारात, म्हून लिवलं व्हतंस. तितपतूर आले व्हते म्या. आज जेवायला बसल्यावर अण्णाकडनं मागून घेतला मोबाईल. तर मास्तरच न्हायती."

"आई, ते काढलं मी. लांब झालं होतं."

"कुणाला?"

मी वसतिगृहाच्या गच्चीवर होते. दोरीवर आमची धुणी वाळत होती, खाली रस्त्यावरून रिक्षा जात होत्या. मी म्हणाले, "तुझा खवा लागला ना, म्हणून."

"त्यो तुझ्या मास्तरानं लागला न्हाय," आई म्हणाली. आता तिच्या आवाजात राग होता, आणि तो राग इतके दिवस आत होता हे मला कळलं. "मास्तर दारात आले, म्या म्हनलं आता बोलतील. आता बोलतील. तू नुसतं आभाळ लिवत बसलीस. ढग आले, काळं झालं, आनि कायबाय. म्या वाचतेय, वाचतेय, मास्तर बोलंनात. तवर हिकडं वास सुटला."

मग आई जरा खालच्या आवाजात म्हणाली, "मला म्हायती होतं फुडं काय झालं. माझंच हाय. तरी वाटलं, बघावं तू काय लिवलंय."

फोन ठेवल्यावर मी वही काढली. पहिला खर्डा वहीत होता. मास्तर दारात येतात आणि त्यानंतर नऊ ओळी ढग आहेत. नऊ. मी मोजल्या. त्या नऊ ओळी लिहिताना मला आपण लेखिका झालो असं वाटलं होतं. आणि तिकडं एक बाई, तिच्या आयुष्यात एकदाच दारात आलेल्या माणसाच्या तोंडून शब्द कधी निघतो म्हणून, माझ्या ढगांमधून बोट सरकवत होती. ती पुरवणी होती. परीक्षा नसतानाही मी पुरवणी घेतली होती. आणि नंतर घाबरून कापायला बसले तेव्हा ढगांबरोबर मास्तरही पुसून टाकले. चौथीत असताना तिला कुणीतरी मध्येच उठवलं होतं. आता मीही तेच केलं होतं.

त्या शनिवारी मी वही घेऊन घरी गेले. रविवारी सकाळी भट्टीवरून आल्यावर आई अंगणात तुरीच्या शेंगा सोलायला बसली, मी तिच्या समोर बसले आणि पहिल्यापासून वाचायला लागले. आई शेंगा सोलत ऐकत होती. ओढ्याचं ऐकताना "व्हय, व्हय" म्हणाली. मग ढग आले. तिनं हात थांबवला.

"आभाळ कुठलं गं? वैशाखाचं ऊन व्हतं. सुट्टी लागली व्हती शाळंला."

"मला वाटलं पावसाळा असेल. ओढ्याला पाणी असतं म्हणून आजोबा नको म्हणाले ना?"

"त्ये फुडच्या पान्याचं म्हनत व्हते. मास्तर आले तवा ऊनच व्हतं. म्हून तर छत्री व्हती त्यांच्याकडं. काळी. एक काडी मोडल्याली." आईनं हवेत बोटानं काडी कशी बाहेर आली होती ते दाखवलं. "ती छत्री त्यांनी आमच्याकडंच ठिवली. दादांना, तुझ्या आजोबांना, म्हनले, पान्याच्या दिसात पोरगी ओढ्यापतूर छत्री घिऊन येऊ द्या, फुडं म्या हात धरून नेतो. आनि गेले की उन्हातनं, डोक्याव रुमाल टाकून."

मला हे माहीत नव्हतं. तिनं मला कधी सांगितलं नव्हतं, कारण मी कधी विचारलं नव्हतं. मला ढग सुचत होते, मग विचारणार कशाला.

"मग?"

"मग काय. छत्री र्‍हायली घरात. माझी आयी शेळ्यांमागं न्यायची."

आम्ही दोघी असंच पुढं गेलो. मी वाचायची, आई मध्येच हात वर करायची. "ह्ये काढ. ह्ये दोनदा आलंय." "हितं घाई झाली." "म्या रडले न्हवते, उगं रडवू नगंस." मी तिला खूप त्यागमूर्ती-बिगमूर्ती केलं होतं. ते ऐकल्यावर आईनं शेंगांचं सूपच बाजूला ठेवलं आणि म्हणाली, "ही कोन बाई?" आम्ही दोघी इतक्या हसलो की आबा गोठ्यातून बघायला आले. काय झालं, म्हणून त्यांनी विचारलं. आई म्हणाली, "काय न्हाय, लेकीचा लेख आटवतोय."

आभाळ गेलं. छत्री आली. आजोबांनी मास्तरांना चहा दिला होता, ते आलं, कारण आई म्हणाली की दादा वाईट नव्हते, ते लिही, नाहीतर लोकं त्यांना शिव्या देतील. परिस्थितीमुळे शिक्षण थांबलं, हे वाक्य मी तिला वाचून दाखवायचं धाडसच केलं नाही. आपलं आपणच खोडलं.

सोमवारी ती पोस्ट टाइप केली तेव्हा कोपऱ्यातला आकडा सातशे बारा होता. मॅडमच्या हिशेबानं जास्त, शाहीनच्या हिशेबानं कमी. मॅडमनी वाचून नुसतं "हं" म्हटलं, आणि जरा वेळानं परत वर जाऊन छत्रीपासून पुन्हा वाचलं. शाहीन म्हणाली, "अच्छा है. पर कोई नई देखनेवाला." तिचं खरं ठरलं. पोस्टखाली पहिले आठ दिवस कुणाचं एक अक्षर नव्हतं.

मी एकीच्याच वाचण्याची वाट बघत होते. आई आता मोबाईल कढईजवळ नेत नव्हती, आणि घरी तिला वेळ कधी मिळतो हे मला माहीत आहे. फोनवर मी विचारायचं टाळत होते. तीही बोलत नव्हती. तिनं हातच लावला नाही की काय, की परत मध्येच कुठंतरी अडली, की एकदा काम जाता जाता राहिलं म्हणून धसका घेतला, असं काय काय मनात यायचं. वर्गात बसल्या बसल्या माझं बोट वहीच्या ओळीखालून आपोआप सरकायचं. ती ज्या वेगानं वाचते त्या वेगानं सातशे बारा शब्दांना किती दिवस लागतील, याचा मी अंदाज करत होते.

या हिवाळ्यात हे सगळं आठवताना मला वाटतं, मी तेव्हा चुकीच्या आकड्याकडं बघत होते. लिहिताना कोपऱ्यातला आकडा डोळ्यांपुढं असतो, बोट ठेवून वाचणारं माणूस दिसत नाही. ते दिसलं की काही ओळी आपोआप गळतात, आणि काही ओळींसाठी उठून विचारायला जावं लागतं. त्या पायरीवरच्या मुलीला मी सोमवारी असंच काहीतरी अडखळत सांगितलं. तिनं टोपण दातातून काढलं आणि म्हणाली, "म्हणजे किती, ताई?" मी म्हटलं, आधी कुणासाठी लिहितेस ते सांग. ती म्हणाली, आजून ठरवलं न्हाय. मग मी तिला चहाला घेऊन गेले. आता ती ठरवतेय.

पण त्या हिवाळ्यातलं राहिलं. नवव्या दिवशी संध्याकाळी खोलीत बसून ब्लॉग उघडला. पोस्टखाली एक प्रतिक्रिया आली होती. वर आबांचं नाव होतं, कारण मोबाईल त्यांचा. खाली तीन ओळी. शब्दांच्या मधे कुठं दोन जागा सुटलेल्या, कुठं एकही नाही, आणि शाळेत शिकवतात तशी शुद्ध भाषा, जी आई कधीच बोलत नाही.

'सगळे वाचले. छत्री बरोबर आहे.
सुमन ज्ञानोबा
इयत्ता चौथी'

ज्ञानोबा हे आजोबांचं नाव, शाळेच्या वहीवर घालतात तसं आईनं आपल्या नावापुढं घातलेलं. शाहीन मागून आली, माझ्या खांद्यावरून वाकून तिनं वाचलं, आणि पुन्हा एकदा वाचलं.

"ये कौन गे?" ती म्हणाली. "चौथीची पोरगी तुझा ब्लॉग वाचती?"

"वाचते," मी म्हटलं. "सगळा."